बासरीचा प्रश्न

इजिप्शियन नृत्याच्या कार्यशाळेत गेल्या रविवारी पावलं शिकवलीच नाहीत, नुसतं संगीत ऐकायला बसवलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नीट ऐका. बासरी एकटीच काहीतरी विचारते आणि मग सगळी व्हायोलिनं मिळून तिला उत्तर देतात. आता जोड्या करा. एकीनं बासरीचा प्रश्न नाचायचा, दुसरीनं उत्तर."

आम्ही नऊजणी. जोड्या लागल्या आणि मी उरले, शाळेत संघ पाडताना उरायचे तशीच.

बाईंनाच वाईट वाटलं. "ताई, तुम्ही दोन्ही बाजू करून बघा. अवघड असतं ते, जमेल तेवढंच करा."

बासरी वाजली तसा मी हात पुढे करून प्रश्न विचारला. मग जागा बदलली, पाठ फिरवली आणि जरा उशिरानं नुसते खांदे उडवले. पुन्हा विचारलं. पुन्हा खांदे. गाणं संपलं तेव्हा बाकीच्या आठजणी आपापलं नाचायचं सोडून माझ्याकडे बघत होत्या.

बाई जवळ आल्या. "तुमच्यासमोर खरंच कुणीतरी उभं आहे असं वाटलं मला. विचारायचंही आपणच आणि उत्तरही आपणच द्यायचं, ही सवय लागायला वर्षं जातात हो." त्या जरा घुटमळल्या. "तुम्ही एकट्या राहता का?"



"छे हो," मी टॉवेलनं मान पुसत म्हणाले. "मिस्टर रिटायर झाल्यापासून दिवसभर घरीच असतात."