सगुणामावशीची सही

साहेब, मी बाळंत झाले म्हणून तुम्हीच माझं नाव झाडूवाल्यांच्या हजेरीवहीतून खोडलंत. “कंत्राटी बाईला कसली आलीय रजा?” म्हणालात, माझ्या महिन्याच्या लेकीकडे बघून.

कायम नोकरीतल्या, युनियनच्या सगुणामावशीला निवृत्तीला दोन महिने उरले होते. तिनं वही तुमच्याकडे परत सरकवली. “हिचं नाव लिहा, मग माझी सही.”

“मावशी, तुमचं काय जातंय? तुम्ही तर कायम!”

“दोघी एकच रस्ता झाडतो, साहेब. मग बाळंतपण तेवढं वेगळं कसं?”

चाळीस जणींनी झाडू खाली ठेवले. तिसऱ्या दिवशी कचरा तुमच्या बंगल्याच्या फाटकाशी साचला आणि माझं नाव वहीत आलं, रजेसकट. मी मावशीच्या पाया पडले. “पायाबिया नको पडू,” ती खेकसली, “डिंकाचे लाडू आणलेत, ते खा आणि सभेला ये.” सख्ख्या आईनंही एवढं केलं नसतं.

काल तुम्ही तिला निलंबित केलंत. म्हणून आज आम्ही सगळ्या कंत्राटी बायका, लेकरांसकट, तुमच्या दारात बसलोय. मावशीला कामावर कधी घेताय? तोंडी नको, लिहून द्या.