थांबायची खूण

गजर ऐन रंगात आला आणि तबला पुन्हा थांबला. एका कीर्तनात तिसऱ्यांदा! दत्तमंदिरातले श्रोते एकमेकांकडे बघू लागले. अच्युतबुवांनी कसाबसा पूर्वरंग आटोपला, आणि बुक्का लावून घेता घेता तबलजीला गाठलंच.

"वामन, झोप लागली का रे?"

"तुम्हीच पोटावर हात ठेवलात बुवा! आपली थांबायची खूण ना ती?"

बुवांनी पोटावरचा हात चटकन काढला. तीस वर्षं त्यांनी डावा डोळा मिचकावला की वामन थांबायचा. मग त्या डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. डोळा काढून काचेचा बसवला, त्याची पापणी वेळेवर मिटेना, म्हणून खूण बदलून पोटावर आणली होती.

"पोटात दुखतंय का?" वामननं हळूच विचारलं.

"डोळ्यातलंच ते. यकृतात उतरलंय, सोमवारी कळलं." बुवा उसळले. "अरे, अख्खा डोळा दिला ना काढून? तरी भागलं नाही! खूण पोटावर नेली, तर मेला रोग तिथंही येऊन बसला!"

"दुसरी ठरवू बुवा. कानाला हात लावा."

"कानाचा पत्ता कशाला देतोस त्याला? नाम ऐकायला तेवढा राहू दे." बुवांनी उपरणं झटकलं. "आता थांबायची खूणच नको. मी पोट धरलं तरी तू वाजव."

उत्तररंगभर बुवांचा हात पोटावरून हलला नाही. वामन मान खाली घालून वाजवत राहिला.