पणजी नको, कोलवा

"पणजीत नको, बाबा. कोलव्याले घेऊ हॉटेल." छायानं मोबाइलवरचा खोलीचा फोटो वडिलांपुढे धरला. "गॅलरीतून समुद्र दिसते."

तुळशीरामांनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "समुद्र पाहाले कोण जाऊन राह्यलं वं? मले तुयी नोकरी पाहाची हाय. तू पणजीत, अन् आम्ही तिकडं काऊन?"

छाया सुट्टीवर गावी, चिखलीजवळच्या उंद्रीला आली होती. पणजीतल्या एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर असते, असं तिनं घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे ती मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटत होती. पगार बरा होता, माणसं नीट वागत होती. पण तुळशीराम गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. पारामागचा पत्त्यांचा डाव त्यांनी स्वतः जाऊन उधळला होता. त्यात सख्खा भाऊ भगवानराव बसलेला दिसला, तेव्हापासून त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

भावाची ही गत, तर लेकीची काय होईल?

म्हणून तिनं बेत जपून आखला होता. चिखलीहून पुण्यापर्यंत ट्रॅव्हल्स. पुण्याहून रेल्वेनं थेट मडगाव. स्टेशनवर ती स्वतः गाडी घेऊन उभी राहणार. तिथून कोलवा, आणि आल्या वाटेनं परत. पणजी कुठं लागतच नव्हती.

"मडगावहून कोलवा जवळ पडते, बाबा. पणजी लांब. आईचे गुडघे दुखतात."

"लांब म्हंजे काय मुंबई हाय? अन् तुह्या हॉटेलात लिफ्ट असंल ना?"

छाया मोबाइलवरचे फोटो उगाच पुढे सरकवू लागली.

आत सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. "मले नाही राहाचं पणजीत," त्या तिथूनच म्हणाल्या. "लय गर्दी तिथं. उभं राहाले जागा भेटत नाही. मले पाण्यात पाय बुडवाचे हाय. समुद्रापाशीच घे, पोरी."

बायकोपुढे तुळशीराम फार ताणत नसत. "बरं, राहू कोलव्याले. पण एक दिवस पणजी. तिच्या साहेबाले भेटून येऊ."

"साहेबाले कायले भेटता? पोरगी काय आता शाळेत हाय?"

तुळशीराम हसले. "घे मंग, तुह्या मायच्या मनासारखं."

त्यांचं मन पालटायच्या आत छायानं खोली घेऊन टाकली. चिखलीच्या ट्रॅव्हल्सवाल्या शेखरला फोन करून खालच्या दोन सीटही सांगितल्या. तुळशीरामांनी टोपी चढवली आणि ते वावराकडे निघाले. ते वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी राहिली.

मग ती आईजवळ येऊन बसली. घरी आल्यापासून तिला धड जेवण गेलं नव्हतं. आज तव्यावरची भाकरी तिनं तशीच ठेच्यासोबत खाल्ली, दुसरी मागून घेतली.

"आई, तू समुद्राचं बोलली म्हणून झालं. नाही तर बाबा ऐकत नव्हते."

"खाय निवांत." सुभद्राबाईंनी भाकरी उलटली. "हिवाळ्यात आम्ही बचत गटाच्या बाया कोल्हापूरले गेलो होतो ना अंबाबाईले?"

"हाव."

"तिथून गाडी गोव्याले वळवली. म्हटलं, पोरीले अवचित भेटू. तू सांगितलेल्या हॉटेलात गेलो, तर तिथं तुयं नाव कोणाले ठाऊक नाही. तुया फोटो दाखवत फिरलो. मंग एका पोरानं नदीतली बोट दाखवली, अन् आम्ही चढलो."

छायाचा घास हातातच राहिला.

"तू मान खाली घालून पत्ते वाटत होती. आम्ही मांगं उभ्या. तानुबाई म्हणे, पोरीचा हात लय साफ हाय."

"साऱ्या बायाईले माहीत हाय?"

"साऱ्याईले. एकीनं तरी तोंड उघडलं काय?"

छायाचे डोळे भरून आले. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उतरवून ठेवावं, तसं तिला झालं. ती आईच्या खांद्याला टेकली.

"तुह्या बापाले मात्र कधीच सांगू नको," सुभद्राबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पल्याडच्या टेबलावर मी बी डावाले बसली होती."