पाच वाजताचा फोन

आईच्या लॅपटॉपवरून मी मीटिंगमध्ये शिरले, त्यामुळे पडद्यावर तिचंच नाव उमटलं. एकामागून एक सगळ्यांचे कॅमेरे सुरू झाले. मॅडम आल्या की चेहरे दिसलेच पाहिजेत, हा तिचा नियम होता म्हणे.

तालुक्यातल्या तीन लहान कॉलेजांना वनस्पतिशास्त्र शिकवायला आई एकटीच होती. म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी तिन्हींचा मिळून तास असा ऑनलाइन व्हायचा. ती गेल्यानंतरच्या या पहिल्या शनिवारी मुलं तिच्याबद्दल बोलणार होती.

"शेवटच्या मुलाला शिरा दिसेपर्यंत मॅडम पान कॅमेऱ्यासमोर धरून बसायच्या."

"माझं ब्रेकअपसुद्धा मॅडमनीच निस्तरलं. घरी अजून पत्ता नाही!"

सगळे हसले. मला मात्र ती फोनवर एवढंच म्हणायची, "जेवलीस? बरं, ठेवते." त्या अनोळखी पोरांचा मला इतका हेवा वाटला की मीटिंग सोडायला मी हात पुढे केला.

तेवढ्यात तेजल नावाची मुलगी म्हणाली, "ताई, आम्हाला तुमचा लई राग यायचा. पाच वाजले की मॅडम शिकवता शिकवता थांबायच्या. 'लेकीचा फोन येईल आता,' म्हणायच्या आणि जायच्या."

शनिवारी पाचला फोन करते, असं मीच कधीतरी ठरवलं होतं. बहुतेकदा राहून जायचा.

"फोन नाही आला, तर परत यायच्या?" मी विचारलं.

"नाही ना. आम्ही थांबून बघायचो. एकदाही आल्या नाहीत."