हिरव्या बांगड्या

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात टेकली, तसं थोरल्या जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. बांगड्या फोडायला त्यांनी वरवंटा आणला होता. मागे गावातल्या बायका उभ्या होत्या.

सुट्टीवर घरी येताना माझ्या नवऱ्याचं लष्करी विमान हिमालयात कोसळलं, तेव्हा मी विशीत होते. प्रेत सापडलं नाही. सरकारने बेपत्ता ठरवलं आणि मी कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून वाट बघत राहिले. याच बायकांनी मला हळदीकुंकवाला कधी बोलावलं नाही. "नवरा आहे की नाही कोणास ठाऊक, उगाच अपशकुन नको!" जाऊबाईंच्या मुलाला हळद लागत होती, तेव्हा मला चुलीपाशी बसवून ठेवलं होतं.

आता माझे केस पिकल्यावर बर्फ वितळला आणि हे सापडले.

"हात सोडा, जाऊबाई."

"अगं, रीत आहे. सवाष्णीचं लेणं आता उतरवायलाच हवं."

"सवाष्णीचं?" मी वरवंटा हिसकावून घेतला. "तुमच्यातल्या एकीने तरी माझी ओटी भरली का कधी? इतकी वर्षं मला सवाष्ण धरली नाहीत, मग आज विधवा करायला कशाला धावत आलात?"