विसण

"आई, पाणी काढलंय. आंघोळ करून घ्या," सून मृणालने हाक मारली. दिगंबररावांना स्मशानात नेऊन दोन तास झाले होते.

मनोरमाबाई न्हाणीघरात आल्या. बादलीतून वाफा निघत होत्या. स्मशानातल्या दाहिनीची धग वाया घालवायची नाही असं ठरल्यापासून कॉलनीतले दिवे आणि नळाचं गरम पाणी तिच्यावरच चाले. एरवी बेताचं गरम येणारं पाणी कढत आलं, की पहिला तांब्या घेण्याआधी माणसं हात जोडत. कोणीतरी गेलेलं असे.

मनोरमाबाईंनीही सवयीने हात जोडले आणि मग आज कोण गेलंय ते उमगून त्या पाटावर बसल्या. चाळीस वर्षं त्यांचं पाणी दिगंबररावच काढत. स्वतः हात बुडवून बघत, बायकोला सोसेल एवढं गार पाण्याचं विसण घालत, आणि मगच हाक मारत.

"फार कढत आलंय का? थांबा, विसण घालते," म्हणत मृणालने गार पाण्याचा तांब्या उचलला.

मनोरमाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "इतक्यात गार नको करूस त्यांना."