दुसरी थँकफुल

"तुझा बाप आमच्या दफनभूमीत गवत कापायचा ना?" अर्जावरची नजर न उचलता लव्हिनिया थॅक्सटरने विचारलं.

"चाळीस वर्षं," डोना पेल्की म्हणाली. "आता डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. बाबांना तिथेच विसावायचंय, मिसेस थॅक्सटर. दुसरं काही मागत नाहीत ते."

"माझ्याकडची बाई वीस वर्षं माझा पलंग आवरते. म्हणून ती त्यावर झोपत नाही."

डोनाने मान खाली घातली. डोनट विकणाऱ्या बाईला एवढं तरी कळतं, याचं लव्हिनियाला समाधान वाटलं.

ईस्ट वेरिकच्या जुन्या दफनभूमीत फक्त पहिल्या अकरा घराण्यांच्या रक्ताची माणसं पुरली जात. लग्न करून आलेल्यांची जागा कुंपणाबाहेर. रक्त कोणाचं खरं, हे वंशज मंडळ ठरवी, आणि मंडळात ते लव्हिनिया ठरवी. गेल्या तीस वर्षांत तिने किती अर्ज खड्यासारखे वेचून फेकले, याचा हिशेब तिलाही नव्हता. नाकाने कांदे सोलणारी म्हणून गाव तिला हसे, पण पाठीमागे.

तिचा नवरा हेन्री कुंपणाच्या आत पुरलेला होता. दगडावर त्याच्या नावाखाली तिचंही नाव आणि जन्मसाल कोरून तयार होतं, मृत्यूच्या सालापुरती जागा तेवढी कोरी. दर रविवारी ती त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवी. हेन्रीवर तिचं मनापासून प्रेम होतं. त्याच्या शेजारी जायचं, एवढंच आता तिला हवं होतं.

"तुम्ही म्हणे अकरा घराण्यांतल्या थँकफुल बर्जेसचे वंशज," ती म्हणाली. "थँकफुल दोन वर्षांची असताना गेली. तिचा दगड कुंपणालगत आहे. चाळीस वर्षं त्याच्याभोवतीचं गवत कापलं, पण वाचता आलं नाही वाटतं तुझ्या बापाला?"

"वाचलं म्हणूनच तर आले. मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्याला द्यायची त्या लोकांची रीत होती. दुसरी थँकफुल असणार."

"असणार, नसणार हे दुकानात बोलायचं. इथे मूळ नोंद लागते."

"मूळ नोंदी तुमच्याच कपाटात आहेत."

"मग मीच बघीन," लव्हिनिया म्हणाली आणि अर्ज मिटला.

ती रीत तिला काय माहीत नव्हती? तिच्याच घराण्यात चौथा जोसाया जगला, आधीचे तीन पाळण्यातच गेले.

गुरुवारी दुपारी तिने चर्चचं पहिलं पुस्तक काढलं. कागद जहाजाने येई तेव्हाचे पाद्री भलते चिक्कू. पानाच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरलेल्या, पाठची शाई पुढे उतरलेली, आणि पानाचा आकडा फक्त पुढच्या बाजूला. त्या पाद्र्याला शिव्या घालत ती भिंगाने ओळ न् ओळ चाळत गेली. सत्तेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला. 'बर्जेस यांची कन्या थँकफुल, या नावाची दुसरी, हिचा बाप्तिस्मा.'

तिने ती ओळ तीनदा वाचली. अकरा घराण्यांनी आपापसांतच इतकी लग्नं केली होती की गवत कापणारा माणूस तिचाच कुठलासा चुलतभाऊ निघत होता. तिला शिसारी आली. हा माणूस हेन्रीपासून दहा पावलांवर पडणार, आणि ही बाई दर रविवारी हातात फुलं घेऊन आपल्याला 'आत्या' म्हणणार.

बोस्टनच्या अभिलेखागाराने हे पुस्तक फोटो काढायला दोनदा मागितलं होतं. 'आमचं पुस्तक बाहेरच्यांच्या हाती देत नाही,' असं तिने कळवलं होतं. किती बरं झालं. पत्र फोडायच्या सुरीने तिने ते पान शिवणीलगत कापलं आणि शेगडीत टाकलं. ते झटकन पेटलं.

शनिवारी मंडळाच्या सभेआधी बीन्स आणि काळ्या पावाचं जेवण झालं. लव्हिनियाने ठराव मांडला. घरच्या वंशावळी, ऐकीव गोष्टी, कोणी केलेल्या नकला, सगळं बाद. मूळ नोंद सभेत डोळ्यांनी दिसेल तरच रक्त खरं. यापुढे कोणी मेहेरबानी मागत दार ठोठावायला नको.

"नव्या-जुन्या सगळ्यांना लागू?" अध्यक्ष होरेस डिमिकने विचारलं. हा निवृत्त भूमापक. काटेकोर आणि कंटाळवाणा.

"सगळ्यांना. आपल्याला कसली भीती, होरेस?"

ठराव एकमताने पास झाला. मग पेल्कींचा अर्ज आला. नोंद सापडली नाही, असं लव्हिनियाने शांतपणे सांगितलं.

"तुम्ही नीट पाहिलंत?" मागच्या खुर्चीवरून डोनाने विचारलं.

"माझ्याइतकं नीट कोणी बघत नाही."

डोना कोट घालू लागली. "बाबांना काय सांगू?"

"कुंपणाबाहेरही गवत छान असतं म्हणावं."

दोघंतिघं हसली. होरेस हसला नाही. त्याने चष्मा पुसला.

"ठराव केलाच आहे, तर सुरुवात आपल्यापासून करू. लव्हिनिया, पहिला मान तुझा."

"कर की. आजोबांनी स्वतः पुस्तकं बघून लिहिलीय आमची वंशावळ. मला तपासायची कधी गरजच पडली नाही."

भिंतीवरची तिच्या घराण्याच्या वंशावळीची चौकट त्याने उतरवली, चर्चचं पुस्तक पुढ्यात ओढलं आणि चौकटीवर बोट ठेवलं. "तुझं सगळं रक्त येतं ते या मार्थाकडून. तिच्या जन्माची नोंद एकाच ठिकाणी आहे."

"वाच ना मोठ्याने," मागे दाराशी थांबलेल्या डोनाकडे बघत लव्हिनिया म्हणाली.

होरेसने आजोबांचं बारीक अक्षर दिव्याखाली धरलं. "चर्चचं पहिलं पुस्तक. पान सत्तेचाळीस, मागची बाजू."